मोजून पेट्रोल पाजण्याची गोष्ट

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्याचा सोहळा होतो. त्या सोहळ्याला छत्रपती घराण्यातील मंडळी ज्या लांबलचक जुन्या मोटारीतून येतात तिचे नाव 'मेबॅक'. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९३० च्या दशकात, ती जर्मनीहून कोल्हापुरात आली. गर्दीतल्या लोकांना तिचा डौल दिसतो, तिचे वय दिसते. तिच्या नावात मात्र मोटारींच्या इतिहासातले एक प्रकरण दडलेले आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेबॅक मोटारींचा कारखाना ज्यांच्या नावाने ओळखला गेला त्या विल्हेल्म मेबॅक यांनी १८९३ साली पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर बनवला. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगातल्या बहुतेक सगळ्या पेट्रोल मोटारी त्याच तत्त्वाच्या उपकरणातून पेट्रोल पीत होत्या.

आज हे उपकरण नव्या गाड्यांतून नाहीसे झाले आहे. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने घेतली. जुन्या मोटारी बाळगणारे हौशी लोक आता असे विचारू लागले आहेत, की आमच्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून तिथे बाजारात मिळणारे इंजेक्शन बसवावे काय? प्रश्न गॅरेजमधला वाटतो. पण तो नीट समजून घ्यायला आठवी-नववीच्या पुस्तकातले वायूचे नियम, बर्नोलीचे तत्त्व आणि रसायनशास्त्रातले थोडे गणित लागते. म्हणून ही गोष्ट आम्ही शिक्षकांपुढे मांडत आहोत.

मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, धूर काळा येतो. हवा फार झाली तर मिश्रण पातळ होते, इंजिन 'मिसिंग' करते आणि तापते. आता इंजिन कधी मिनिटाला ८०० फेरे घेते, कधी ४०००. चालकाचा पाय क्षणात खाली, क्षणात वर. अशा वेळी आत येणाऱ्या हवेचे वजन कोणी करायचे आणि त्या मापाने पेट्रोल कोणी घालायचे? कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन ही या एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत.

अगदी पहिल्या मोटारींनी हा प्रश्न टाळलाच होता. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि वाटेत तिला मिळेल तेवढी वाफ मिळे. उन्हाळ्यात जास्त, थंडीत कमी. शिवाय हलके घटक आधी उडून जात आणि टाकीत जड भाग उरे. १८८८ साली बेंझ यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन याच जातीच्या गाडीतून लांबच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलॉख गावी त्यांना औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घ्यावे लागले. ते सहज उडणारे द्रव होते, म्हणून त्या साध्या भांड्यात चालून गेले.

मेबॅक यांनी वाफ होण्याची वाट पाहायचे सोडून दिले आणि द्रवाचाच फवारा केला. त्याच वर्षी बुडापेस्ट येथे दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही अशाच उपकरणाचे पेटंट घेतले होते. पहिला मान कोणाचा, यावर हंगेरीत आणि जर्मनीत वेगवेगळी उत्तरे मिळतात. आम्हाला त्यात आश्चर्य वाटत नाही. सगळ्यांपुढे एकच अडचण असली की उत्तरेही एकाच सुमारास निघतात.

रचना अशी. हवेच्या नळीचा मध्यभाग अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. बर्नोली यांनी हे नाते १७३८ मध्ये मांडले. अरुंद नळीवर प्रयोग करणारे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांचे लेखन १७९७ चे. या घशात एका बारीक भोकाचे, म्हणजे जेटचे, तोंड आणून सोडायचे. जेटच्या मागे एक छोटी कुंडी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेली सुई. पेट्रोल चढले की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट-कॉक हेच काम करतो. कुंडीवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, घशात कमी दाब. या फरकाने पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते आणि हवेच्या झोतात त्याचे तुषार होतात.

वर्गात हे दोन स्ट्रॉने दाखवता येते. एक स्ट्रॉ पाण्याच्या पेल्यात उभी धरावी, दुसरी तिच्या वरच्या तोंडाशी काटकोनात आणून जोरात फुंकावे. पाणी चढते आणि समोरच्या बाकावर तुषार पडतात. विद्यार्थी हा प्रयोग विसरत नाहीत, विशेषतः समोरच्या बाकावरचे.

यातली खरी करामत आता पाहा. हवा जास्त वाहिली की घशातला दाब आपोआप अधिक उतरतो आणि पेट्रोलही त्या प्रमाणात जास्त येते. हवेचे वजन करणारा कोणी नाही, हिशोब करणारा कोणी नाही. निसर्गाचा एक नियमच तराजूचे काम करतो. एवढ्या स्वस्तात एवढे चांगले मापन करणारी उपकरणे फार थोडी असतील.

पण 'त्या प्रमाणात' हे शब्द पूर्ण खरे नाहीत. इंजिन मंद फिरत असताना घशातून हवा इतकी हळू जाते की पेट्रोल वर चढतच नाही. म्हणून संथ गतीसाठी वेगळे जेट आले. पाय एकदम दाबला तर हवा लगेच धावते आणि जड पेट्रोल मागे राहते. म्हणून एक छोटा पंप आला. थंड इंजिनात पेट्रोल भिंतींवरच चिकटते. म्हणून चोक आला. अशा दुरुस्त्यांची भर पडत पडत कार्ब्युरेटर हे बोगद्यांनी आणि स्प्रिंगांनी भरलेले, घड्याळाइतके नाजूक यंत्र बनले. आणि या सगळ्याच्या मुळाशी जेटचे भोक. त्या भोकाचा व्यास म्हणजे कारखान्यातल्या अभियंत्याने घेतलेला निर्णय. अमुक पेट्रोल, अमुक उंची, अमुक हवामान धरून काढलेले ते उत्तर पितळेत कोरून ठेवलेले असते.

परिस्थिती बदलली तरी पितळेला ते कळत नाही. समुद्रसपाटीला जुळवलेली गाडी महाबळेश्वरला नेली, तर तिथे हवेचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी कमी. घशातल्या दाबाच्या तेवढ्याच फरकाला पेट्रोल पूर्वीइतकेच येते, पण विरळ हवेचे वजन घटते. हे नाते घनतेच्या वर्गमुळाचे असल्याने, तापमान सारखे धरले तर मिश्रण साधारण ८ टक्क्यांनी दाट होते. ८ हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येईल.

उद्यमनगरातले इंजेक्शन

इंजेक्शन ही गोष्ट कोल्हापूरला परकी नाही, हे इथे सांगितले पाहिजे. राजवाड्यातल्या मोटारीत कार्ब्युरेटर होता त्या पिढीत, पंचगंगेच्या काठच्या मळ्यात उसाला पाणी उपसणारी ऑइल इंजिने येऊ लागली होती. डिझेल जातीच्या इंजिनात कार्ब्युरेटर नसतोच. दट्ट्या हवा दाबून तापवतो आणि ऐन वेळी पंप मोजका तेलाचा थेंब नोझलमधून आत मारतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ च्या इंजिनात हे तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी मोठा थोरला कॉम्प्रेसर. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली आणि हे लोढणे गेले. भारतात बंगळूरची 'मायको' १९५१ साली सुरू झाली, पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात या इंजिनांचे ओतीव भाग, सुटे भाग आणि पुढे सबंध इंजिने तयार झाली. म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे आजही आदराने घेतले जाते. शेतकऱ्याच्या मळ्यातल्या इंजिनाला इंजेक्शन आणि महाराजांच्या मोटारीला कार्ब्युरेटर, अशी ही उलटी वाटणारी स्थिती होती. उलटी नाही, डिझेल इंजिनाला दुसरा मार्गच नव्हता, आणि पेट्रोलला तो महागडा मार्ग घेण्याची गरज अजून पडली नव्हती.

गरज पडली ती आकाशात. १९४० साली ब्रिटनच्या हद्दीत विमानांची झुंज सुरू झाली तेव्हा जर्मन विमानांच्या डाइम्लर-बेंझ इंजिनांत पेट्रोलचे थेट इंजेक्शन होते. ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन यांच्या मर्लिन इंजिनांत कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली केले की क्षणभर सगळ्या वस्तू वर फेकल्या जातात. कुंडीतले पेट्रोलही छताला चिकटे, जेट कोरडे पडे आणि इंजिन अडखळे. मग उलट होऊन पंपाकडून भसाभस आलेल्या पेट्रोलने ते गुदमरे. जर्मन वैमानिकांना हे कळले होते. पाठलाग चुकवायचा असला की ते सरळ नाक खाली करून निसटत.

फार्नबरो येथील संशोधन संस्थेत बिआट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता होत्या. त्या स्वतः मोटारसायकलच्या शर्यती गाजवलेल्या. त्यांनी शोधलेला तात्पुरता उपाय म्हणजे पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक पाडलेली एक छोटी चकती. भोकाचे माप असे, की इंजिनाला पूर्ण शक्तीच्या वेळी लागते तेवढेच पेट्रोल जावे, त्याहून जास्त नाही. पूर आला तरी इंजिन गुदमरणार नाही. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंग आणि त्यांचे सहकारी विमानतळांवर फिरून या चकत्या बसवत होते. ही गोष्ट मुलींच्या वर्गात जरूर सांगावी. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: कार्ब्युरेटर गुरुत्वाकर्षणावर विसंबून आहे हे सगळ्यांना माहीत होते, पण ते किती खोलवर विसंबून आहे हे गुरुत्व हरवल्यावरच दिसले.

तारेवरचा हिशोब

युद्धानंतर यांत्रिक इंजेक्शन मोटारीत आले. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल हे त्याचे नावाजलेले उदाहरण. पंप उत्तम, किंमत मात्र राजाराम महाराजांनाही विचारात पाडणारी. विजेवर चालणाऱ्या इंजेक्शनचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचा. 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची ही रचना १९५८ च्या क्रायस्लर गटाच्या काही गाड्यांवर विकली गेली. कल्पना बिनचूक होती, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि हादरे सोसणारे नव्हते. अवघ्या ३५ च्या आसपास गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेकांचे इंजेक्शन काढून कंपनीने पुन्हा कार्ब्युरेटर बसवून दिले! आजचे हौशी लोक ज्या दिशेने जात आहेत तिच्या अगदी उलट प्रवास. बेंडिक्सची पेटंटे बॉशकडे गेली. १९६७ साली बॉशची 'डी-जेट्रॉनिक' पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत आली. तोवर ट्रान्झिस्टर भरवशाचा झाला होता.

तरीही केवळ सोय म्हणून जगाने कार्ब्युरेटर टाकला नसता. त्याला घालवले ते धुराने. लॉस एंजेलिसच्या विषारी धुक्यामुळे कॅलिफोर्नियात नियम कडक झाले, १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा आला. धुरातले तीन विषारी घटक एकाच वेळी निवळणारे उत्प्रेरक सापडले, पण त्यांची अट विचित्र होती. मिश्रण १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच ते काम करीत. थोडे दाट झाले की एका घटकावर निकामी, थोडे पातळ झाले की दुसऱ्यावर. कार्ब्युरेटरला इतकी अचूकता सतत पेलणे अशक्य होते.

उपाय निघाला तो चाखून पाहण्याचा. धुराच्या नळीत झिर्कोनियाचा एक लहान टोपीसारखा तुकडा बसवायचा. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये तफावत असली की विद्युतदाब निर्माण होतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण दाट असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट; उरला असेल तर ०.१ च्या आसपास. बारावीला जे नर्न्स्टचे समीकरण पाठ करतात तेच हे, आणि स्वतः नर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा बनवला होता. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत हा संवेदक प्रथम आला. आता चूक झाली की ती धुरातून कळायची आणि पुढच्या फवाऱ्यात दुरुस्त व्हायची.

आपल्या मेस्त्रींना हे तत्त्व परके नव्हते. स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, विटकरी असेल तर झकास. तेही धुराचीच साक्ष काढणे होते. फरक एवढाच, की मेस्त्री महिन्यातून एकदा पाहत, संवेदक सेकंदात अनेकदा पाहतो.

भारतात हा बदल उशिरा पण झपाट्याने झाला. १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि उत्प्रेरक आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानके लागू करायला लावली, २००० पासून देशभर नवे निकष आले आणि मोटारींतून कार्ब्युरेटर पाहता पाहता गेले. दुचाकींवर तो आणखी टिकला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाले आणि तिथूनही त्याची रवानगी झाली. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या स्कूटर-मोटारसायकली पाहिल्या तर ही सीमारेषा सहज दाखवता येईल: २०२० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांना चोक, नंतरच्यांना नाही.

जुनी गाडी, नवे पेट्रोल

मग मागे उरल्या त्या जुन्या मोटारी. महाराष्ट्रात त्यांत संख्येने ठळक म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. या टॅक्सींपैकी हजारो आधीच सी.एन.जी.वर गेल्या होत्या, म्हणजे जुन्या इंजिनाचे खाणे बदलण्याचा एक प्रचंड प्रयोग मुंबईने करून पाहिलेला आहे. त्या किटमध्येही वायू मिसळायला बहुधा व्हेंच्युरीचाच घसा असे.

आज हा प्रश्न नव्याने टोचतो आहे त्याचे कारण पेट्रोल स्वतःच बदलले. २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशात सर्वत्र पोचले. हे इथेनॉल ज्या पिकांतून येते त्यांत ऊसही आहे, आणि ऊस म्हटला की कोल्हापूर आलेच. आमच्याच शिवारातला रस आमच्याच जुन्या गाड्यांच्या जेटमधून परत येतो आहे म्हणा ना!

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते. एका ग्रॅमला ९ ग्रॅम. २० टक्के मिश्रणाचा हिशोब केला तर १४.७ च्या जागी साधारण १३.५ येतात. पण पितळी जेट जुन्याच मापाने पेट्रोल सोडते. मिश्रण ८ टक्क्यांनी पातळ. (मघाचा महाबळेश्वरचा आकडा आठवा. समुद्रसपाटीला जुळवलेली जुनी फियाट या नव्या पेट्रोलवर महाबळेश्वरला सर्वांत ठीक चालावी, असे गमतीने म्हणता येईल.) संवेदक असलेल्या इंजेक्शनला पेट्रोलात काय मिसळले आहे ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. धुरात ऑक्सिजन उरलेला दिसला की ते पेट्रोल वाढवते.

ते काम कसे चालते, हे पद्मिनीच्याच इंजिनावर पाहू. १०८९ घनसेंटिमीटर, चार सिलिंडर. म्हणजे प्रत्येकी सुमारे २७२. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल, तापमान ३० अंश धरू. वायूच्या समीकरणातून लिटरभर हवेचे वजन १.०९ ग्रॅम निघते. पाय पूर्ण दाबलेला असतानाही सिलिंडर पूर्ण भरत नाही. ८० टक्के भरला असे मानले तर आत आली २३७ मिलिग्रॅम हवा. १४.७ ने भागा: १६ मिलिग्रॅम पेट्रोल. घनफळात सांगायचे तर एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी. मिनिटाला ३००० फेरे असतील तर हा अर्धा थेंब प्रत्येक सिलिंडरला सेकंदात २५ वेळा, मोजून. इंजेक्टर नावाची विजेवर उघडणारी झडप त्यासाठी सेकंदाच्या नऊ-दहा हजारांश भागापुरती उघडते. दाब आणि तापमान मोजणारे संवेदक, इंजिन किती वेगाने फिरते ते सांगणारे दाते असलेले चाक आणि हा भागाकार करणारा छोटा संगणक, एवढी मंडळी जमली की कार्ब्युरेटरचे काम होते. हे गणित अकरावीचा विद्यार्थी फळ्यावर करू शकतो. २००१ मध्ये अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी 'मेगास्क्विर्ट' नावाचा असा संगणक हौशी लोकांना स्वतः जुळवता येईल अशा रूपात आणला, तो याच बळावर.

अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी तर थेट कार्ब्युरेटरच्या जागी, त्याच चार बोल्टांवर बसणारे तयार संच मिळतात. वरून पाहिले तर जुना कार्ब्युरेटरच वाटावा असा त्यांचा आकार. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचे इतके सोपे नाही, पण नंतरच्या एखाद्या गाडीचे इंजेक्टर व थ्रॉटल वापरून ते जुळवता येते.

अडचण इंजिनापाशी येत नाही, ती भोवताली येते. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब वातावरणाच्या पाव हिश्श्याएवढा. इंजेक्शनला तीनपट वातावरण लागते. जुन्या रबरी नळ्या आणि साध्या पट्ट्या हा दाब धरत नाहीत आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची पिचकारी म्हणजे आग. म्हणून नळ्या नव्या, टाकीकडे परतीची नळी नवी, आणि इंजिन बंद पडताच पंप बंद करणारी जोडणी. यात काटकसर करणाऱ्याने कार्ब्युरेटरच ठेवावा, हे आमचे स्पष्ट मत. टाकीतला चाळीस वर्षांचा गंज जेटमधून कसाबसा जाई. इंजेक्टरमध्ये तो अडकतो. पंप चार-पाच अँपिअर वीज खातो आणि जुना डायनामो इंजिन संथ असताना जेमतेम दिव्यांपुरती देतो. प्रज्वलनाच्या जुन्या पॉइंटांची ठिणगी संगणकाच्या तारांत खोटे संदेश उठवते. म्हणजे एक उपकरण बदलायला गेले की तीन-चार बदलावी लागतात. आणि इथेनॉल रबराला जे करायचे ते इंजेक्शन असले तरी करतेच. लिटरमागे मिळणारी ऊर्जाही सहा-सात टक्क्यांनी कमीच राहते.

संगणकाच्या स्मृतीत दाब आणि फेऱ्यांचा एक तक्ता भरावा लागतो: या दाबाला, या वेगाला सिलिंडर किती भरतो. वरच्या हिशोबातले '८० टक्के' आम्ही मानून घेतले. प्रत्यक्षात तो आकडा शंभर-दोनशे चौकटींत वेगवेगळा असतो आणि तो गाडी चालवून, ऐकून, पाहून भरावा लागतो. म्हणून जुन्या मेस्त्रींची विद्या संपली असे आम्ही मानत नाही. कोणत्या चढावर इंजिन मागते आणि कोणत्या आवाजात ते तक्रार करते हे ज्याला कळते, त्याच्या शेजारी लॅपटॉप घेतलेला विद्यार्थी बसला तर तो तक्ता लवकर भरेल.

मग बदल करावा का? रोजच्या वापरातल्या पद्मिनीच्या मालकाने नव्या पेट्रोलसाठी आधी स्वस्तातला उपाय करून पाहावा: थोडे मोठे जेट आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या. शिलिंगबाईंच्या चकतीसारखेच हे एक भोक, आणि बहुतेकांचे काम त्यावर भागेल. घाटमाथा आणि कोकण यांच्यात सतत ये-जा करणाऱ्याला इंजेक्शनचा खरा उपयोग आहे. ते बसवताना मूळ भागांना भोके पाडू नयेत, आणि काढलेला कार्ब्युरेटर जपून ठेवावा. कायद्याचेही पाहावे लागते. कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी फेरफार करायला मोटार वाहन कायदा मनाई करतो, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. इंजेक्शन हा तसा फेरफार आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण तो खर्च करण्याआधी घालावा.

मेबॅकसारख्या मोटारीबाबत मात्र आमच्या मनात शंका नाही. वर्षातून मोजक्या वेळा, मंद गतीने चालणाऱ्या गाडीला १४.७ चा काटेकोरपणा काय करायचा? तिचे मोल तिच्या मूळ रूपात आहे. ताम्रपटावरील अक्षरे पुसट झाली म्हणून कोणी ती नव्याने कोरत नाही.

'मूळ रूप' हा शब्दही जपून वापरावा लागतो. क्रायस्लर गटाच्या ज्या मोजक्या गाड्यांचे इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवला होता, त्यांतल्या एका डिसोटो मोटारीवर अनेक दशकांनी हौशी लोकांनी ती जुनी बेंडिक्स रचना पुन्हा जुळवली. तिचा कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवले, आणि गाडी १९५८ साली कारखान्यातून निघाली तशी झाली.